हँडल उंच केलं म्हणजे गुन्हा केला का?

मोटरसायकलचं हँडल उंच केलं की बघणारे दोनच अर्थ काढतात. एक तर पोरगा टपोरी आहे, नाहीतर त्याच्याकडे पैसे जास्त झाले आहेत. त्याची पाठ दुखत असेल, बोटं बधिर होत असतील, कंपनीने लावलेलं हँडल त्याच्या हातांना पुरत नसेल, हा तिसरा अर्थ सहसा कुणाच्या मनात येत नाही. नाक्यावरच्या शिपायाच्या मनात येत नाही, शेजाऱ्याच्या येत नाही, आणि कायद्याच्या तर अजिबातच येत नाही. या तिसऱ्या अर्थाबद्दल आज लिहायचं आहे.

'टूरिंग बाइक' म्हटलं की पुण्या-मुंबईच्या वाचकाला लडाख आठवतं. मागे सामानाच्या पेट्या, अंगात जाड जॅकेट, पुढे बर्फाचे डोंगर. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे लांब पल्ल्याची मोटरसायकल हा छंद नाही, ती ड्यूटी आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. नकाशावर तो वरून खाली लांबच लांब पसरला आहे. चंद्रपूरहून गडचिरोली सुमारे ८० किलोमीटर, आणि गडचिरोलीहून सिरोंचा त्यापुढे दोनशेच्या आसपास. रेल्वेला वडसा-देसाईगंजच्या पलीकडे जायला अनेक दशकं लागत आहेत. एसटी आहे, पण ती तिच्या वेळेला येते, आपल्या वेळेला नाही. त्यामुळे एटापल्ली, भामरागड, अहेरीकडे नोकरी करणारा शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्य सेवक, बँकेचा माणूस, औषधांचा विक्रेता, सगळे दुचाकीवर. सोमवारी पहाटे निघायचं, शनिवारी रात्री परतायचं. आमच्या ऊर्जानगरच्या क्वार्टरांमधूनही असे कितीतरी जण निघतात. घरातला एक जण वीज केंद्रात, दुसरा जंगलातल्या शाळेत, अशी आमच्याकडे अनेक घरं आहेत.

आणि रस्ते कसे? ज्यांनी आष्टी-आलापल्ली मार्गावर सुरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांमागून गाडी चालवली आहे, त्यांना सांगायला नको. घुग्घुसकडचे लोक कोळशाच्या ट्रकांबद्दल हेच सांगतील. खड्डा, गिट्टी, धूळ, परत खड्डा. त्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर. अशा रस्त्यावर रोजचे चार-पाच तास एका ठरावीक कोनात वाकून बसायचं म्हणजे शरीराकडून कर्ज काढण्यासारखं आहे. चाळिशीत त्याची वसुली सुरू होते.

माझे एक सहकारी वर्षानुवर्षं असा प्रवास करत आले. उंची सहा फुटांच्या जवळपास. दीड तास गाडी चालवली की त्यांची करंगळी आणि शेजारचं बोट झोपी जायचं. खडू धरताना बोटं सुन्न असायची. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं ते सगळ्यांनाच उपयोगी आहे. करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील तर तळव्याच्या बाहेरच्या बाजूने जाणारी नस दाबली जाते आहे. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल तर मनगटाच्या मधून जाणारी. हँडल फार खाली किंवा फार पुढे असलं की छातीचा भार हातांवर येतो, मनगट वाकतं, वरून इंजिनचा थरथराट तळव्यात शिरतो. गोळ्या घेऊन हे थांबत नाही. हाताची जागा बदलावी लागते.

आता साधा विचार करा. कारमध्ये सीट पुढे-मागे सरकते, पाठ कलते, बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंग वर-खाली होतं. सायकलची सीटसुद्धा एका पान्याने वर करता येते. मोटरसायकल मात्र एकाच मापात येते. पाच फूट दोन इंचांची नर्सबाई आणि सहा फुटांचा मास्तर, दोघांना एकच हँडल. काही महागड्या परदेशी गाड्यांवर हँडलची पकड पुढे-मागे करायची सोय असते. आपण हप्त्याने घेतो त्या गाड्यांवर ती नसते. कापड दुकानदार तरी एकाच मापाचा शर्ट सगळ्यांना विकत नाही.

पण याचा अर्थ उठावं आणि हँडल छताला लावावं असा नाही. या विषयावर आमच्याकडे फार अर्धवट माहिती फिरते, म्हणून थोडं तपशिलात जातो.

पहिली गोष्ट, निम्म्या लोकांचं काम एक रुपयाही खर्च न करता होतं. गाडी मेन स्टँडवर लावा, नेहमीसारखं बसा, डोळे मिटा, खांदे सैल सोडा आणि हात सहज पुढे करा. मुठी जिथे येतील तिथे हँडल असायला हवं. कोपर किंचित वाकलेलं, मनगट कोपरापासून सरळ रेषेत. आता डोळे उघडून बघा फरक किती आहे. फरक थोडा असेल तर क्लॅम्पचे बोल्ट सैल करून हँडल जरासं आपल्याकडे फिरवता येतं. क्लच आणि ब्रेकचे लिव्हर खाली-वर फिरवता येतात. पुष्कळ गाड्यांवर लिव्हर इतके वर असतात की प्रत्येक वेळी मनगट मागे मोडावं लागतं, आणि दुखण्याचं मूळ तेच असतं. टायरची हवा आणि मागचे शॉकअप तपासा. एवढ्याने भागलं तर विषय संपला.

नाही भागलं तर हँडलच्या खाली बसणारे रायझर मिळतात. एक ते दोन इंच उंची वाढते आणि बहुतेकदा मूळ वायर पुरतात. त्याहून जास्त उंची हवी असेल तर हँडलच बदलावं लागतं, आणि खरी जबाबदारी इथे सुरू होते. हँडल वर गेलं की क्लचची वायर, रेसची वायर, ब्रेकचा पाइप, स्विचच्या तारा, सगळंच वर जातं. लांबी कमी पडली तर सरळ रस्त्यावर काही कळत नाही. कळतं ते वळणावर. हँडल पूर्ण वळवलं की वायर खेचली जाते आणि रेस आपोआप वाढते, किंवा क्लच अर्धवट सुटतो. ब्रेकचा पाइप ताणला गेला तर काय होईल हे लिहून सांगायची गरज नाही.

म्हणून परीक्षा एकच. गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल डावीकडे पूर्ण, मग उजवीकडे पूर्ण फिरवायचं. रेस कणभरही वाढता कामा नये. क्लचला थोडी ढील राहिली पाहिजे. कुठलाही पाइप, कुठलीही तार ताणलेली दिसता कामा नये, आणि मूठ टाकीला लागता कामा नये. ब्रेकचा पाइप लांब टाकला तर जोडावरचे तांब्याचे वॉशर नवे, तेल कंपनीने सांगितलेल्या दर्जाचं, आणि पाइपातली हवा पूर्ण काढलेली. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाक्यांना एबीएस सक्तीचं आहे. अशा गाडीचा ब्रेक उघडला तर हवा काढायला काही मॉडेलना कंपनीचं यंत्र लागतं. रस्त्याकडेला बसून ते काम उरकणाऱ्याला लांबूनच सलाम करावा. क्लॅम्पचे बोल्ट अंदाजाने नाही, टॉर्क पान्याने आवळायचे. अंदाज ज्या दिवशी चुकतो त्या दिवशी हँडल हातात येतं.

दुसरी गोष्ट, उंच म्हणजे आरामदायक हा गैरसमज आहे. हँडल फार वर गेलं की माणूस खुर्चीत बसल्यासारखा ताठ होतो. मग खड्ड्याचा हादरा हात, पाय आणि कंबर यांत वाटला जात नाही, सरळ मणक्यात जातो. ऐंशीच्या पुढे गेलात की वारा छातीवर शिडासारखा आदळतो, आणि तो तोलायला हँडल घट्ट धरावं लागतं. ज्या बोटांना आराम द्यायचा होता तीच पुन्हा आखडतात. पुढच्या चाकावरचं वजन कमी होतं, गाडी हलकी वाटते, मुरमाच्या रस्त्यावर पुढचं चाक भरकटतं. मुठी खांद्याच्याही वर गेल्या तर हातातलं रक्त उतरतं. १९६९ च्या 'ईझी रायडर' या सिनेमाने जगभर लोकप्रिय केलेल्या लांबलचक हँडलच्या गाड्या दिसायला कितीही भारी असोत, खुद्द अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी हँडलच्या उंचीला मर्यादा घातली आहे. मूठ चालकाच्या खांद्याच्या वर नको, असा त्यातला एक सर्रास आढळणारा नियम आहे. किती साधा नियम! तो मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. चालकाला गाडीवर बसवायचं आणि बघायचं.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीत नोंदलेला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने वाहनात करू नये. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अरुण मिश्रा आणि न्या. विनीत सरण यांच्या खंडपीठाने केरळमधल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या कायदादुरुस्तीत कलम १८२-अ नव्या रूपात आलं. परवानगी नसलेला बदल मालकाने केला तर प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

न्यायालयाची भूमिका मला पटते. कंपनीने गाडी तपासून बाजारात आणली आहे, तिचा तोल, तिचे ब्रेक त्या मापाने बनले आहेत, प्रत्येकाने मनाला येईल ते कापावं आणि जोडावं तर रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाचं काय? हा प्रश्न खरा आहे. पण त्याच कलम ५२ च्या स्पष्टीकरणात लिहिलं आहे की 'बदल' म्हणजे वाहनाच्या रचनेतला असा फेरफार, ज्यामुळे त्याचं मूलभूत वैशिष्ट्य बदलतं. दीड इंच वर आलेल्या हँडलने मोटरसायकलचं कुठलं मूलभूत वैशिष्ट्य बदललं? आरसीत इंजिन नंबर असतो, चेसिस नंबर असतो, रंग असतो, वजन असतं. हँडलची उंची नसते. मग नाक्यावर अर्थ कोण लावणार? जो पावती फाडतो तो. सामान्य माणसाला कायद्याची भीती वाटत नाही, कायद्याच्या धूसरपणाची वाटते.

आता आपल्याच महाराष्ट्रातलं एक उदाहरण घ्या. पुण्याच्या बजाज ऑटोने २०१५ मध्ये ॲव्हेंजर २२० दोन रूपांत आणली. 'क्रूझ'ला उंच, मागे खेचलेलं हँडल. 'स्ट्रीट'ला बुटकं, सपाट हँडल. इंजिन तेच. फरक हँडलचा, चाकांचा, रंगाचा, चमकीचा. दोन्ही गाड्या रीतसर मंजूर, दोन्ही रस्त्यावर कायदेशीर. म्हणजे या यंत्राला उंच हँडलही चालतं आणि बुटकंही, हे सिद्ध झालेलं आहे. पण एखाद्या स्ट्रीटवाल्याने पाठदुखीमुळे आपल्या गाडीला क्रूझचं हँडल लावलं, वायरही त्याच लावल्या, तर तो गुन्हेगार ठरू शकतो. कंपनीने लावलं तर मॉडेल, मालकाने लावलं तर गुन्हा. सुरक्षितता हाच निकष असेल तर ती हँडलमध्ये बघायला हवी, ते लावणारा कोण आहे यात नाही.

कायद्याला माणसाचं शरीर दिसतच नाही असं मी म्हणणार नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२३ काढून बघा. मागे बसणाऱ्यासाठी धरायची सोय हवी, पाय ठेवायची सोय हवी, आणि कपडा चाकात जाऊ नये म्हणून मागचं चाक निम्मं तरी झाकणारं संरक्षण हवं. त्यालाच आपण साडी गार्ड म्हणतो. साडीचा पदर, ओढणी, बुरख्याचा घेर, या सगळ्यांचा विचार करून कुणीतरी तो नियम लिहिला आहे. जगातल्या कुठल्याशा कारखान्यातून आलेल्या यंत्राला आपल्या बायाबापड्यांच्या कपड्यांपुढे झुकायला लावणारा तो नियम मला फार आवडतो. दिव्यांगांच्या बाबतीतही तेच. त्यांच्यासाठी बदललेल्या 'अनुकूलित वाहना'ला कायद्यात स्वतंत्र स्थान आहे. मागे दोन जादा चाकं लावलेल्या स्कूटर आपण रोज बघतो. म्हणजे यंत्र शरीरानुसार बदलावं हे तत्त्व कायद्याने मान्य केलेलंच आहे. फक्त शरीर पूर्ण निकामी व्हायच्या आधी त्याची काळजी घेणाऱ्याला त्या तत्त्वात जागा नाही.

सीएनजी किटचा रस्ताही आपल्यासमोर आहे. मंजूर किट घ्यायचं, अधिकृत ठिकाणी बसवायचं, आरटीओकडून आरसीत नोंद करून घ्यायची. इंधनाची टाकी आणि गॅसचा दाब यांच्यासारखी धोक्याची गोष्ट जर अशा नोंदीने कायदेशीर होऊ शकते, तर लोखंडी नळीचा एक वाकवलेला तुकडा का होऊ नये? पुण्यात १९६६ पासून एआरएआय ही वाहन संशोधन संस्था आहे. गाड्यांच्या आणि सुट्या भागांच्या चाचण्या तिथे होतात. अमुक मॉडेलसाठी अमुक उंचीपर्यंतचं हँडल, त्यासोबत त्याच मापाच्या वायर आणि पाइप, असा संच तपासून त्यावर शिक्का मारणं हे त्यांना अशक्य नाही. एमएच-३४ किंवा एमएच-३३ च्या कार्यालयात माणसाने अर्ज करावा, फी भरावी, निरीक्षकाने हँडल दोन्हीकडे फिरवून बघावं, मूठ खांद्याच्या खाली आहे ना ते बघावं, नोंद करावी. पंधरा मिनिटांचं काम आहे. नोंद असली की विम्याचाही प्रश्न सुटतो. आज बदल कळवला नसेल तर अपघातानंतर दावा अडकू शकतो, आणि तो कसा कळवायचा हे लोकांना उमगत नाही.

यात आणखी एका माणसाचा फायदा आहे. मिस्त्रीचा. आमच्या भागातल्या गॅरेजांमध्ये डोकावून बघा. आठवी-नववीत शाळा सुटलेली पोट्टी तिथे उस्तादाच्या हाताखाली पाने पुसत-पुसत काम शिकतात. त्यात मुस्लिम घरांतली पुष्कळ आहेत, माझ्या वर्गात बसलेलीही आहेत. एकाने मला सांगितलं, “सर, गिऱ्हाईक म्हणतं स्वस्तात कर. मी म्हणतो वायर पण बदला. तो म्हणतो फक्त हँडल लाव. नाही लावलं तर शेजारचा लावतो.” यात सगळं आलं. त्याला बरोबर काय ते माहीत आहे, पण त्याच्या 'नाही'ला वजन नाही. त्याच्याकडे प्रमाणपत्र नाही, त्याच्या बाजूने नियम नाही. बंदी असल्यामुळे काम थांबलेलं नाही, ते फक्त चोरून आणि स्वस्तात होतं. नियम असता तर हाच पोरगा गिऱ्हाइकाला सांगू शकला असता की संच पूर्ण लावला नाही तर पासिंग होणार नाही. आयटीआयमध्ये दुचाकी मेकॅनिकचं शिक्षण आहे. काम करत शिकलेल्यांची परीक्षा घेऊन त्यांना प्रमाणपत्र देण्याची तरतूद सरकारच्या कौशल्य योजनेत आहे. या दोन गोष्टी गॅरेजपर्यंत पोहोचवणं हे आमच्या समाजातल्या शिकलेल्यांचंही काम आहे. नुसतं 'आमची मुलं गॅरेजमध्ये सडतात' म्हणून उसासे टाकण्यात अर्थ नाही. ती सडत नाहीत, ती कारागीर आहेत. कमी आहे ती कागदाची.

मी भाषा शिकवतो, म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. 'दुरुस्त' हा शब्द फारसीतून उर्दूत आला आणि मराठीतही आला. त्याचा अर्थ योग्य, बरोबर. मिस्त्री गाडीची करतो ती दुरुस्ती, आणि संसद कायद्याची करते तीही दुरुस्ती. दोघांकडून अपेक्षा एकच आहे, जे जुळत नाही ते जुळवून द्या.

आता दुसऱ्या बाजूला थोडं कडक बोलतो. फाटलेल्या सायलेन्सरने रात्री दोनला अख्खी कॉलनी उठवणारा पोरगा 'हा माझा हक्क आहे' म्हणत असेल तर तो हक्क नाही. सणाच्या रात्री, मग सण कुणाचाही असो, तिघे-चौघे एका गाडीवर बसून स्टंट करणारे, नंबर प्लेट वाकवणारे, डोळ्यांत घुसणारे दिवे लावणारे, यांनीच खऱ्या गरजूची वाट बंद केली आहे. शेजाऱ्याला त्रास होईल असं वागू नये हे आम्हाला घरात आणि मशिदीत लहानपणापासून शिकवलं जातं. गाडीवर बसल्यावर ती शिकवण उतरवून ठेवायची नसते. हेही खरं की नाव आणि मोहल्ला बघून हँडलकडे संशयाने बघणारे डोळे आहेत. त्याला उत्तर म्हणून आणखी मोठा आवाज काढला तर तो संशय पक्काच होतो. कागद स्वच्छ असणं आणि तो कागद मिळण्याचा रस्ता खुला असणं, हेच त्यावरचं खरं उत्तर आहे.

सायलेन्सर आणि हँडल यांत फरक आहे आणि तो कायद्याने करायला हवा. सायलेन्सरचा त्रास दुसऱ्याला, हँडलचा आराम स्वतःला. दोघांना एकच कलम आणि एकच पाच हजार, हा न्याय आळशी आहे. 'परवानगी दिली तर उद्या रस्ते माकडांसारखे लटकलेल्या लोकांनी भरतील' असं कुणी म्हणेल. खांद्याची मर्यादा घाला, शिक्का असलेला संच सक्तीचा करा, आरसीत नोंद करा. जो ती मर्यादा मोडेल त्याला खुशाल दंड करा, आम्ही टाळ्या वाजवू.

तोवर ज्यांची बोटं झोपतात त्यांनी आधी पान्याने होणारे फुकटचे उपाय करावेत, लिव्हर फिरवावेत, दर पन्नास किलोमीटरला उतरून हात झटकावेत, आणि नव्या गाडीचा विचार असेल तर मायलेज विचारायच्या आधी तिच्यावर दहा मिनिटं बसून बघावं. शोरूमवाला घाई करेल. करू द्या. गाडी त्याला विकायची आहे, चालवायची तुम्हाला आहे. आणि आमदार, खासदार, आरटीओ यांच्यापैकी कुणी भेटलं तर रस्त्यांसोबत हाही विषय काढा. रस्ते नीट करायला त्यांना कोटी लागतील, हे काम एका अधिसूचनेत होण्यासारखं आहे.